आठ दिवसांच्या पोत्यातले बटाटे

घोळ काकांनी स्वतःच घातला, आणि तोही नीटनेटकेपणाच्या हौसेपायी.

गच्चीवर बटाट्यांची दोन पोती होती. एक काढणीला आलेलं, दुसरं आठवड्यापूर्वी लावलेलं. काढणीच्या पोत्यातले पिवळी पडलेली पानं-दांडे काकांनी आधीच छाटून टाकले होते, म्हणजे आतल्या बटाट्यांची साल घट्ट होते. नव्या पोत्यातून अजून हिरवा ठिपकाही वर आला नव्हता. त्यामुळे वरून पाहावं तर दोन्ही पोती जुळी भावंडं, नुसती काळी माती. फरक कळायचा तो जागेवरून. टाकीजवळचं ते जुनं आणि कठड्याजवळचं ते नवं.

शनिवारी सकाळी काकांच्या मनात आलं की उद्या बिल्डिंगमधली मंडळी काढणी बघायला येणार, त्यांना टाकीजवळच्या ओल्या कोपऱ्यात कशाला उभं करायचं? मग दोन्ही पोती त्यांनी ओढत ओढत इकडची तिकडे केली, हात झटकले, आणि कुणाला चकार शब्द न सांगता नेहमीप्रमाणे नाक्यावरच्या भाजीवालीचा तराजू तपासायला निघून गेले.

ते गेल्यावर काकू दरवर्षीप्रमाणे गच्चीवर गेल्या. पण ते पुढे येईलच.

काकांना सगळे पासंगकाका म्हणायचे. दोन्ही पारडी रिकामी असतानाही तराजूची एक बाजू किंचित खाली राहते, तो पासंग. हा माणूस उभं आयुष्य लोकांच्या तराजूंमधला पासंग काढत आला. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक दार, एक स्टूल आणि छताला टांगलेले तराजू. उंच गिऱ्हाइकाला आत वाकूनच यावं लागे. किराणेवाले यायचे, भंगारवाले यायचे, सोनार तर दार लावून घ्या म्हणायचे. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण, दांडीच्या पोकळीत ओतलेलं शिसं, एका बाजूच्या साखळीत जास्तीची कडी, यातलं काहीही काकांच्या नजरेतून सुटायचं नाही. तराजू टांगायचा, एक डोळा मिटायचा आणि विचारायचं, "काय मालक, गिऱ्हाईक आंधळं आहे वाटतं तुमचं?" मालक कानकोंडे व्हायचे. काका मेण खरवडून त्यांच्या हातावर ठेवायचे. "हे घरी न्या. मेणबत्तीला होईल."

आपल्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं ते म्हणायचे. रोज नाही, पण दिवसाआड म्हणायचे.

मग लाल आकडे दाखवणारी वजनयंत्रं आली. पहिल्यांदा सोनारांकडे, मग किराणेवाल्यांकडे, मग अगदी भंगारवाल्यांकडे. काकांनी दोन वर्षं स्टुलावर बसून रस्त्यावरची रहदारी मोजली आणि दुकान बंद केलं. हत्यारांची पेटी आणि एक पितळी तराजू घेऊन ते घरी आले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. समोरचा टीव्ही बंद असायचा आणि काका त्याच्याकडे बघत असायचे. काकू म्हणायच्या, "अहो, लावून तरी बघा." काका म्हणायचे, "कशाला? हेच बरं चाललंय." ताटातलं निम्मं तसंच राहायचं. बोलायला गेलं तर हं आणि हूं. काकूंना जीव नकोसा झाला.

अशात एकदा भाजीच्या टोपलीच्या तळाशी मोड आलेला बटाटा निघाला. काकू तो टाकणार, तेवढ्यात काकांनी हात पुढे केला. "दे इकडे. बघू काय करतो ते." एवढं लांबलचक वाक्य त्या घरात बऱ्याच दिवसांनी बोललं गेलं होतं. काकांनी एक पोतं आणलं, माती भरली, मोडासकट तुकडे करून लावले. रोप वाढेल तशी वरून मातीची भर घालायची असते हे कुणाकडून तरी समजून घेतलं. पोत्याच्या खालच्या अंगाला एक झडप कापली आणि सुतळीने शिवून टाकली, म्हणजे अधूनमधून उसवून आत हात घालून बघता येईल. स्वतः मात्र त्यांनी ती कधी उसवली नाही. "पोटातल्या पोराला कुणी बाहेर काढून बघतं का?" असं म्हणायचे.

तीन महिन्यांनी पोतं उपडं केलं तर काय, मुठीएवढे, गोल गरगरीत, एकसारखे बटाटे! काकांनी पितळी तराजू काढला, दोनदा तोलून पाहिलं आणि पारडं हातात धरूनच चारही मजले उतरले. भेटेल त्याला दाखवत सुटले. त्या दिवशी ते पोटभर जेवले, वर आणखी वाढून घेतलं. "चव बघ. बाजारचा बटाटा याच्या पासंगालाही पुरायचा नाही. बाजारचं म्हणजे नुसतं पाणी." काकू म्हणाल्या, "हो ना." आणि घास गिळताना त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

तिथून काका जे सुटले ते सुटलेच. मिरच्या लावल्या, टोमॅटो लावले, फुटक्या ड्रममध्ये लिंबाचं झाड लावलं. पुढच्या वर्षी बटाटे पुन्हा मुठीएवढे. आता काकांचे सल्ले जिन्यात, दारात, पाण्याच्या मोटरपाशी असे कुठेही मिळू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना त्यांची पुदिन्याची कुंडी कशी चुकली हे काका रोज समजावून सांगायचे. पोस्टमास्तर म्हणायचे, "पासंगकाका, तुम्ही बोलायला लागल्यापासून पुदिना वाढलाय. ऐकूनच पसरतोय बिचारा."

आणि रोज सकाळी, चहा झाला की, नाक्यावर. अख्ख्या बाजारात एका भाजीवालीनेच यंत्र घेतलं नव्हतं. "माझा नाही बाई त्या आकड्यांवर विश्वास. काका आहेत तोवर काटाच बरा," असं ती म्हणायची. काका तिचा तराजू टांगायचे, डोळा मिटायचे, पारडी पुसायचे, दांडीच्या मधोमध तेलाचा थेंब सोडायचे. मग तिच्या ढिगातला एखादा बटाटा उचलून नाक मुरडायचे. "तुझा माल काही खरा नाही बरं का. माझ्या गच्चीवरचा बघशील तर लाजशील." भाजीवाली पदराने तोंड पुसत म्हणायची, "तुमच्यासारखं आम्हाला कुठलं जमायला काका." हा कार्यक्रम तासभर चालायचा. तो तासभर काकू घरी एकट्या असायच्या.

यंदा तर प्रकरण बरंच वर गेलं होतं. बिल्डिंगच्या बैठकीत ठरलं होतं की रविवारची काढणी सगळ्यांनी बघायची आणि मग प्रत्येक घराचं एकेक पोतं गच्चीवर ठेवायचं, काकांच्या देखरेखीखाली. काकांनी त्यासाठी मातीची भर मोजायला बोटाबोटावर खुणा केलेल्या लाकडी पट्ट्या करून ठेवल्या होत्या. शिकवायचं म्हणजे मापं हवीत.

रविवारी मंडळी जमली. पिशव्याही आणल्या होत्या, कारण काकांनी घरटी वाटा कबूल केला होता. काकूंनी गच्चीच्या दारातूनच पोत्यांकडे पाहिलं. काका टाकीजवळच्या पोत्याकडे जातील असं त्यांना वाटत होतं. काका कठड्याजवळच्या पोत्याकडे निघाले.

"अहो," काकू म्हणाल्या, "तिकडे कुठे? ते तर नवं ना?"

"जागा बदलली काल," काका म्हणाले. "तू नको काळजी करूस."

काकूंनी दाराची चौकट धरली.

काकांनी पोतं उपडं केलं. माती पडली. मातीतून काळी झालेली एक पचपचीत गाठ निघाली, मग दुसरी. काकांनी बोटांनी माती चाळली. गोट्यांएवढे, काही सुपारीएवढे बटाटे हाताला लागले. अर्ध्यांच्या अंगावर हिरवट झाक. सगळे मिळून वाटीभर होतील न होतील. कुणीतरी पिशवीची घडी घातली, तिचा आवाजही ऐकू आला.

"असतील अजून," पोस्टमास्तर म्हणाले. "त्या दुसऱ्या पोत्यात बघा ना."

काका खवळले. "काहीतरीच काय बोलता? ते आठ दिवसांपूर्वी लावलंय. आठ दिवसांत बटाटे येत असते तर मी इथे असतो का?"

"बघायला काय जातंय?"

"अहो नको," काकू घाईने पुढे आल्या. "नुकतं लावलंय, उगाच त्याला धक्का नको."

पण काकांचा स्वभाव तपासनिसाचा. खोटं असेल ते सगळ्यांसमोर उघडं करायचं ही आयुष्यभराची सवय. टाकीजवळच्या पोत्याला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली. "बघा. डोळ्यांनी बघा, म्हणजे पुन्हा शंका नको." आणि ते उपडं केलं.

मुठीएवढे, गोल गरगरीत, एकसारखे बटाटे गच्चीभर घरंगळले. एक तर थेट पोस्टमास्तरांच्या चपलेपाशी जाऊन थांबला.

क्षणभर, खरं सांगायचं तर, काकांना आनंदच झाला. सवयीने झाला. पोस्टमास्तर म्हणाले, "अभिनंदन हो! आठ दिवसांत! आता तुमचं नाव कुठेतरी कळवायला पाहिजे." कुणी हसलं, कुणी हसू दाबलं. काकांनी एक बटाटा उचलला. अंगठ्याने घासला. सालीच्या खाचेत तांबडी माती होती. काकांच्या पोत्यातली माती काळी.

मग त्यांनी पोत्याची झडप पाहिली. सुतळीला काका कायम दुहेरी गाठ मारायचे. ही गाठ साधी होती, वरून फास दिलेला, गादी शिवताना काकू देतात तसा.

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू दोरीवरचे कपडे सारखे करत होत्या.

मंडळी पांगली. जाता जाता पोस्टमास्तरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढूनही घेतला. त्यावरून काकांना कळलं की त्यांनाही माहीत होतं. कदाचित सगळ्या जिन्याला माहीत होतं.

एकटे राहिल्यावर काका मिरच्यांकडे वळले. एकेक मिरची धरून ओढून बघितली, कुठे दोरा बांधलाय का. टोमॅटोचे देठ नखाने खरवडले. लिंबाच्या झाडाशी गेले आणि एक लिंबू जोरात खेचलं. ते पानासकट हातात आलं.

"ते तुमचंच आहे," मागून काकू म्हणाल्या.

"आता तू सांगायचं आणि मी ऐकायचं?"

"लिंबाला मी हात लावलेला नाही. मिरचीलाही नाही. फक्त बटाटे."

"फक्त!" काका म्हणाले. "किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

काका पायरीवर बसले. काकूही दोन पायऱ्या सोडून खाली बसल्या. दोघांची तोंडं एकाच दिशेला होती, त्यामुळे बोलणं जरा सोपं गेलं.

"पहिल्या वर्षी मी नुसतं बघायला गेले होते," काकू म्हणाल्या. "झडप उसवली तर आत सगळा चिखल. कुजून गेलं होतं. दिवसातून तीन तीनदा पाणी घालत होता तुम्ही. आणि तुम्ही तर पोत्यावर तारखेची पट्टी लावून ठेवलेली, अमुक दिवशी काढणी. तोंडाने बडबड चालू झालेली, जेवायला लागलेला. मी काय करायचं होतं? चिखल दाखवायचा होता?"

"हो. दाखवायचा होता."

"आणि परत तुम्ही त्या खुर्चीत."

"माझी खुर्ची होती ना? माझा चिखल होता ना?" काकांचा आवाज चढला. "आयुष्यभर लोकांच्या पारड्याखालचं मेण काढलं मी. आणि माझ्याच घरात, माझ्याच पोत्यात, तू..." त्यांनी पायरीवर हात आपटला. "आणि वर म्हणायचीस, हो ना. मी म्हणायचो बाजारचं पाणी, तू म्हणायचीस हो ना!"

"मग काय म्हणू? तुम्हाला तर चव लागत होती!"

हे जरा जास्तच लागलं. काकूंनाही कळलं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

"आणि मोठे बटाटे घातलेस," काही वेळाने काका म्हणाले, "तर माझे कुठे गेले? पहिल्या वर्षीचे कुजले. दुसऱ्या वर्षी?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काल तर नुसते तुकडेच लागले, वाटलं यंदा काहीच आलं नाही. दुसऱ्या वर्षी मात्र थोडे लागले होते. असेच, गोट्यांएवढे. वाटीभर. मोठ्यांत मिसळले असते तर तुम्हाला लगेच कळलं असतं. मग ते भाजीवालीला दिले. मोठे तिच्याकडूनच आणायचे आणि ती पैसे घेत नव्हती, म्हटलं निदान हे तरी घे."

"सगळे दिलेस?"

"हो."

"एक तरी ठेवायचास," काका म्हणाले आणि उठून आत गेले. काकूंना वाटलं, झालं, आता खुर्ची. पण काका स्वयंपाकघरात गेले, मांडणीवरच्या सहा वाट्यांपैकी एक उचलली आणि चपला घालून बाहेर पडले.

दुपारची वेळ होती. इतक्या वर्षांत काका दुपारी नाक्यावर कधी गेलेच नव्हते. समोरच्या फुटपाथवर पोचले आणि तिथेच थबकले. भाजीवाली एका गिऱ्हाइकाला टोमॅटो देत होती. टोमॅटो तिने एका चपट्या स्टीलच्या थाळीवर ठेवले, थाळीखाली लाल आकडे उजळले, तिने आकडा वाचला, पिशवी बांधली. सगळं इतक्या सराईतपणे की तिने खाली नीट बघितलंही नाही. काकांचा तराजू गाडीच्या मागच्या खांबाला लटकत होता. एका पारड्यात लसूण होता आणि दुसऱ्यात तिचा पाण्याचा तांब्या.

काका रस्ता ओलांडून गेले. तिने त्यांना पाहिलं आणि तिचा हात आपोआप पालेभाजीच्या जुड्या यंत्रावर सरकवायला लागला. मग तिनेच तो थांबवला.

"काका! आज या वेळेला?"

"कधीपासून आहे हे?"

"बसा ना. चहा सांगते."

"कधीपासून?"

"तुमचं दुकान बंद व्हायच्या आधीपासून," ती हळू म्हणाली. "गिऱ्हाईक ऐकत नाही हो. काट्यावर तोललं की म्हणतात, बाई हातचलाखी करते."

"मग रोज सकाळी मी तपासतो तो तराजू?"

"माझाच आहे तो. खोटं नाही सांगत. फक्त वापरत नाही." आणि जरा थांबून, "काढणीच्या आदल्या दिवशी काकूंना तास लागायचा. एरवीही तुम्ही आलात की बरं वाटायचं."

काकांनी खांबावरून तराजू काढला. लसूण खाली ठेवला, तांब्या खाली ठेवला. दांडी वर धरली आणि एक डोळा मिटला. मनातून त्यांना फार फार वाटत होतं की काटा चुकीचा निघावा. निदान केसाएवढा. म्हणजे ओरडायला तरी काहीतरी मिळालं असतं. पण काटा मधोमध उभा राहिला, हललासुद्धा नाही. रोज सकाळी इतक्या काळजीने तपासलेला तराजू चुकणार कसा? त्यांनी तो परत टांगला.

मग वाटी पुढे केली. "माझे बटाटे दे."

"कुठले?"

"गेल्या वर्षी हिने तुला दिलेले. वाटीभर."

"अगं बाई. ते आता कुठून असायला? खाल्ले की आम्ही."

काकांनी रिकाम्या वाटीत पाहिलं. "कसे होते?"

भाजीवालीने त्यांच्याकडे पाहिलं. "खरं सांगू?"

"नाही, खोटंच सांग. तेवढंच ऐकायचं राहिलंय माझं."

"कडू होते," ती म्हणाली. "हिरवे पडले होते ना. लेकीने एक तोंडात घातला आणि ताट सरकवलं. हिरवे काढून टाकले, बरे होते तेवढे मी मीठ लावून संपवले. टाकायला नको वाटलं, म्हटलं काकांनी एवढे जपलेत."

काकांनी मान हलवली. वर मातीची भर कमी पडली होती. उघडे राहिले, ऊन लागलं, हिरवे झाले. आज सकाळच्या पोत्यातही तेच. दोन वर्षं बिल्डिंगला भर कशी घालायची हे शिकवत होते, आणि स्वतःची भर बोटभर कमी. हे कुणी गेल्याच वर्षी सांगितलं असतं तर यंदा चुकलं नसतं. पण सांगणार कोण? त्यांच्या भोवती सगळी माया करणारी माणसं.

तिने ढिगातले बारीक बारीक बटाटे वेचून वाटी भरली. "घ्या. फिटलं?"

"हे कुणाचे?"

"बाजारचे."

काकांनी वाटी ढिगावर उपडी केली आणि रिकामीच गाडीच्या कडेला ठेवली. "माझे पाहिजेत."

"काका, तेच कुठून आणू आता?"

"ते तुझं तू बघ. वाटीभर देणं आहे तुझ्याकडे." आणि तिच्या चहाची वाट न बघता निघाले.

घरी आल्यावर त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. आठ दिवसांपूर्वी लावलेले तुकडे पुन्हा मातीत घातले, सकाळचे त्यातल्या त्यात धड असलेले गोटीएवढे बटाटेही घातले, आणि झडप शिवली. या वेळी सुतळीने नाही. तराजू दुरुस्त करून दिल्यावर त्याला लावायची ती तार काढली, तिच्या टोकांवर शिशाची गोळी चढवली आणि पकडीने दाबून सील केलं. दुकानदारांच्या तराजूंना ते लावायचे तसं.

संध्याकाळी काकू कपडे काढायला वर आल्या. त्यांनी सील पाहिलं. वाकून हात लावला, मग हात मागे घेतला.

"मी काय चोर आहे का हो?"

काकांच्या हातात झारी होती. ते पाणी घालत होते. थोडंसंच घातलं आणि झारी बाजूला ठेवली.

बिल्डिंगची पोती बारगळली. पट्ट्या कपाटावर पडून आहेत. काका हल्ली सकाळी नाक्यावर जात नाहीत. जेवतात, पण मागून घेत नाहीत. बटाट्याची भाजी असली की विचारतात, "कुठला?" काकू म्हणतात, "बाजारचा." मग खातात. टीव्ही मात्र चालू असतो.

वाटी अजून भाजीवालीकडेच आहे. तिने ती तराजूच्या पारड्यात ठेवली आहे आणि त्यामुळे ती बाजू कायम खाली असते. काकूंनी दोनदा निरोप धाडला की सहातली एक कमी पडते, पाठवून दे. भाजीवालीने दोन्ही वेळा एकच उत्तर पाठवलं, "रिकामी कशी पाठवू? काकांचं देणं आहे." तोवर पाहुणे आले की काकांची आमटी कपात वाढली जाते.